मॉरिस मायनर : सामान्य कुटुंबाची मोटार

इंग्लंडातील मॉरिस कारखान्याने १९३१ साली एक लहानशी मोटार शंभर पौंडांना विकावयास काढली. 'मायनर' असे तिचे नाव. या नावाची गाडी त्यापूर्वी तीन वर्षे निघतच होती. परंतु शंभराचा आकडा गाठावयाचा म्हणून तिच्यातून जे जे काढून टाकणे शक्य होते ते ते काढून टाकण्यात आले. चकाकता मुलामा गेला, त्या जागी काळा रंग आला, आणि बसावयास दोनच माणसांपुरती जागा उरली. जाहिरात गावोगाव झाली. लोक दुकानात ही नवलाई पाहावयास आलेही. परंतु पाहून झाल्यावर त्यांतील बहुतेकांनी शेजारी उभी असलेली, थोडी अधिक किमतीची गाडी पसंत केली. शंभर पौंडांच्या गाडीत बसून आपल्या आळीत शिरणे म्हणजे आपल्या मिळकतीचा आकडा दारावर लिहून ठेवण्यासारखेच होते. गरिबी पत्करणे निराळे आणि तिची मिरवणूक काढणे निराळे, हे कारखानदारांच्या ध्यानात यावयास ही गाडी काढावी लागली.

यानंतर सतरा वर्षांनी त्याच कारखान्यातून, तेच नाव धारण केलेली दुसरी एक मोटार बाहेर पडली. तीही अल्प किमतीचीच होती. परंतु तिच्यात बसताना कोणासही संकोच वाटला नाही. शिक्षक, परिचारिका, धर्मोपदेशक, दुकानदार, डॉक्टर अशा सर्वांनी ती घेतली आणि ज्यांना तिच्याहून महाग गाडी सहज परवडली असती अशांनीही घेतली. या दोन मायनर गाड्यांमध्ये जो फरक पडला तो पैशांचा नव्हे, दृष्टीचा होता. सामान्य माणसास कमी द्यावयाचे ते काय, आणि कमी करावयाचे नाही ते काय, याविषयी दोन माणसांची मते टोकाची भिन्न होती. त्यांतील एक कारखान्याचा धनी होता व दुसरा त्याच्या पदरचा एक नोकर.

धनी म्हणजे विल्यम मॉरिस. जन्म १८७७ मधला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि चार पौंडांच्या भांडवलावर त्यांनी ऑक्सफर्ड येथे सायकली दुरुस्त करण्याचा धंदा मांडला. सायकलीवरून मोटारसायकल, मोटारसायकलीवरून मोटार, अशा पायऱ्या चढत १९१३ साली त्यांनी पहिली मॉरिस गाडी तयार केली आणि ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे मोठा कारखाना उभा केला. १९२१ साली धंद्यात मंदी आली, इतर कारखानदार हात आखडून बसले, तेव्हा मॉरिस यांनी उलट किमती उतरविल्या व त्या एका निर्णयाने ते सर्वांच्या पुढे गेले. यथावकाश ते लॉर्ड नफील्ड झाले. त्यांच्या दानशूरपणाला सीमा नव्हती. ऑक्सफर्डमधील एक महाविद्यालय आणि एक कोटी पौंडांचे दान देऊन १९४३ साली स्थापिलेली संस्था त्यांच्या नावाने आजही चालू आहे. पक्षाघाताने ज्यांचा श्वास कोंडतो अशा रुग्णांसाठी लागणारी कृत्रिम श्वसनाची यंत्रे आपल्या कारखान्यात तयार करवून त्यांनी साम्राज्यातील इस्पितळांना मोफत वाटली. असा हा माणूस. पण ज्या गाडीने त्याचे नाव घरोघर नेले, ती गाडी त्याला मुळीच आवडली नव्हती.

दुसऱ्या माणसाचा जन्म इंग्लंडातला नव्हे. ॲलेक इसिगोनिस यांचा जन्म १९०६ साली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील स्मर्ना या बंदरात झाला. या शहराला आज इझमीर म्हणतात. वडील ग्रीक वंशाचे, परंतु ब्रिटिश नागरिकत्व लाभलेले अभियंते. आई जर्मन घराण्यातील. महायुद्धानंतर ग्रीक व तुर्क यांच्यात युद्ध पेटले आणि सप्टेंबर १९२२ मध्ये स्मर्ना शहर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ब्रिटिश नागरिकांना आरमाराने माल्टा बेटावर हलविले. घर, कारखाना, चीजवस्तू सारे मागे राहिले. माल्टात वडिलांचा अंत झाला आणि पुढच्या वर्षी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आईला घेऊन लंडनला पोहोचला. बॅटर्सी येथील तंत्रशाळेत त्याने नाव घातले. यंत्रांची ओढ उपजत. गणिताशी मात्र उभा दावा. त्या विषयात तो तीन वेळा अनुत्तीर्ण झाला. ज्याच्या गाड्यांनी पुढे अर्ध्या जगाला यंत्ररचनेचा धडा दिला, त्याची ही गुणपत्रिका शिक्षकांनी अधूनमधून आठवावी अशी आहे.

इसिगोनिस यांचे खरे शिक्षण परीक्षेच्या दालनाबाहेर झाले. जॉर्ज डाउसन नावाच्या मित्रासह त्यांनी शर्यतीची एक चिमुकली मोटार फावल्या वेळात, साध्या हत्यारांनी, कित्येक वर्षे खपून तयार केली. तिला निराळा सांगाडा नव्हता. बाहेरचा पत्राच सारा भार पेलीत असे. वजन कमी, पण ताठपणा अधिक. ही गाडी १९३८ साली धावू लागली, तेव्हा ते काउलीच्या मॉरिस कारखान्यात नोकरीस लागून दोन वर्षे झाली होती. नोकरीतील काम चाकांची बैठक, स्प्रिंगा आणि सुकाणू यांचे. म्हणजे गाडी वळते कशी, खड्ड्यातून जाताना आतल्या माणसाचे काय होते, याच प्रश्नांशी त्यांची रोजची गाठ.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि कारखाना रणगाडे व विमाने यांच्या कामाला जुंपला गेला. परंतु युद्ध केव्हातरी संपणार आणि लोक पुन्हा मोटारी मागणार, हे ओळखणारा एक माणूस कारखान्यात होता. तो म्हणजे उपाध्यक्ष माइल्स टॉमस. त्यांनी इसिगोनिस यांच्यावर एका लहान कौटुंबिक गाडीचा आराखडा सोपविला आणि जॅक डॅनियल्स व रेग जॉब हे दोन सहकारी त्यांना दिले. या योजनेचे गुप्त नाव होते 'मॉस्किटो', म्हणजे डास. संबंध गाडीचा विचार एकाच डोक्यातून निघावा, ही गोष्ट मोठ्या कारखान्यांत सहसा घडत नाही. तेथे एंजिन एका खात्याचे, आसने दुसऱ्याचे, रंगरूप तिसऱ्याचे. येथे मात्र दाराच्या कडीपासून चाकाच्या बैठकीपर्यंत प्रत्येक वस्तू इसिगोनिस कागदावर हाताने रेखाटीत आणि त्या चित्रांना मोजमापे देऊन त्यांचे लोखंडात रूपांतर करण्याचे काम ते दोघे करीत.

या आराखड्यात नवे ते काय होते? आज कोणत्याही गाडीत ज्या गोष्टी गृहीत धरल्या जातात, त्यांतील कित्येक त्या काळी स्वस्त गाडीत आढळत नसत. जुन्या लहान गाड्यांची चाके मोठी, सतरा इंची. इसिगोनिस यांनी ती चौदा इंचांवर आणली व गाडीच्या चार कोपऱ्यांकडे सारली. त्यामुळे चाकांनी अडविलेली जागा माणसांना मिळाली. एंजिन पुष्कळच पुढे बसविले, तेणेकरून बसणारी माणसे दोन्ही आसांच्या मध्ये आली आणि वजन पुढे गेल्याने गाडी सरळ रेषेत स्थिर धावू लागली. पुढील चाकांखाली नेहमीचे कमानपाटे न घालता गाडीच्या लांबीस समांतर अशा पोलादी सळ्या बसविल्या. चाक वर उचलले गेले की सळईला पीळ बसतो, पीळ सुटला की चाक खाली येते. प्रत्येक चाकाची सळई स्वतंत्र असल्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला त्याची खबर नसते. सुकाणूसाठी दंतपट्टी व दंतचक्र यांची सरळ जोडणी केली. हातातील चाक किंचित फिरवावे आणि गाडीने तत्काळ ऐकावे, मध्ये ढिलाई नाही. निराळा सांगाडा नव्हताच. तळ, बाजू आणि छप्पर मिळून एकच पेटी.

हे सारे काही श्रीमंतांच्या चोचल्यांसाठी नव्हते. किंबहुना इसिगोनिस यांचे म्हणणे असे होते की, ज्याला मोटार चालविण्याचा सराव नाही, जो आठवड्यातून दोनदाच गाडी बाहेर काढतो, ज्याच्या मागच्या आसनावर मुले बसलेली असतात, त्यालाच उत्तम सुकाणूची आणि स्थिर गाडीची गरज सर्वांत अधिक. शर्यतीतला चालक वाईट गाडीही सांभाळून नेईल. शाळामास्तराला ते कसे साधावे? १९३१ च्या मायनरने डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू काढून घेऊन काटकसर केली होती. नव्या गाडीतही चैनीच्या वस्तूंचा अभावच होता. दरवाजे पातळ, आतील मांडणी साधी. परंतु वळणावर, उतारावर, पावसात ज्या गोष्टींची पारख होते त्यांना कात्री लागली नाही. निदान बहुतेकांना नाही. मागच्या चाकांनाही पिळाच्या सळ्या असाव्यात ही इसिगोनिस यांची इच्छा खर्चापायी बारगळली आणि तेथे जुने कमानपाटेच राहिले.

लॉर्ड नफील्ड यांना नमुन्याची गाडी दाखविण्यात आली. ती पाहताच ते संतापले. फुगीर गालांची, गोल पाठीची, टेकाडासारखी ही आकृती त्यांना उकळत्या पाण्यात फोडून सोडलेल्या अंड्यासारखी वाटली आणि तसे त्यांनी सर्वांसमक्ष बोलूनही दाखविले. हा शेरा मोटारींच्या इतिहासात अमर झाला आहे. तथापि नफील्ड यांची बाजू निव्वळ हट्टाची होती असे म्हणणे न्याय्य होणार नाही. युद्ध संपल्यानंतर बाजारात गाड्यांचा इतका दुष्काळ होता की, जुनी 'मॉरिस एट' ही गाडी दहा वेळा विकली जाईल एवढे गिऱ्हाईक दारात उभे होते. मग नवे साचे, नवी यंत्रे यांत लक्षावधी पौंड कशाला घालावयाचे? जुनीच गाडी जरा रंगवून-सजवून काढावी, असा त्यांचा हिशेब. चार पौंडांवर धंदा सुरू केलेल्या माणसाला तो हिशेब बिनचूक वाटला तर नवल नाही. मात्र दुष्काळ सदाचा नसतो, एवढी एक गोष्ट त्यात धरलेली नव्हती. टॉमस ती धरीत होते. दोघांचे मतभेद विकोपाला गेले आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये टॉमस यांना कारखाना सोडावा लागला. जिचा पुरस्कार केला ती गाडी त्यांच्यानंतर वर्षभराने बाहेर पडली. ते तोवर दुसऱ्या मार्गाला लागले होते व पुढे सरकारी विमान कंपनीचे अध्यक्ष झाले.

एंजिनाची कथाही अशीच. इसिगोनिस यांनी या गाडीसाठी आडव्या बैठकीचे, दोन नळकांडी एका बाजूस व दोन दुसऱ्या बाजूस असे नवे एंजिन योजिले होते. परंतु तेही बारगळले. इंग्लंडात त्या वेळेपर्यंत मोटारीवरील वार्षिक कर नळकांड्यांच्या रुंदीवरून आकारीत असत. परिणामी तिकडचे कारखानदार कराच्या भयाने अरुंद व लांब नळकांड्यांची एंजिने करीत आले होते. करवसुली करणाऱ्या कारकुनाने यंत्रशास्त्राला कसे वाकविले, याचे हे मासलेवाईक उदाहरण. ही पद्धत १९४८ च्या आरंभी बंद होऊन सरसकट दहा पौंड कर लागू झाला, आणि त्याचबरोबर करानुसार दोन आकारांची एंजिने करण्याच्या मूळ योजनेचे एक कारण नाहीसे झाले. शिवाय वेळ थोडा आणि धन्याची मर्जी नाही. अखेर युद्धापूर्वीच्या मॉरिस एट गाडीचे ९१८ घनसेंटिमीटरचे जुने एंजिन नव्या गाडीत बसविण्यात आले. नवरदेव तरुण आणि घोडा म्हातारा, अशी गत झाली. ताशी साठ मैलांच्या आसपास त्याची धाव संपे. परंतु गाडीच्या अंगात याहून दुप्पट शक्ती पेलण्याची ताकद होती, हे पुढे दिसावयाचे होते.

सर्व आराखडे पुरे झाले, साचे तयार होऊ लागले, आणि १९४७ च्या अखेरीस इसिगोनिस यांच्या मनाने घेतले की, गाडी काही केल्या बरोबर दिसत नाही. लांबी-उंचीच्या मानाने ती अरुंद आहे. त्यांनी कारागिरांना सांगून नमुन्याची गाडी नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध कापविली. मग ते दोन अर्धे भाग एकमेकांपासून दूर सारावयाचे, लांब उभे राहून पाहावयाचे, पुन्हा थोडे जवळ, पुन्हा थोडे दूर. चार इंचांवर त्यांनी 'बस' म्हटले. सत्तावन्न इंचांची गाडी एकसष्ट इंचांची झाली. गणितात तीनदा अनुत्तीर्ण झालेल्या माणसाने हे माप डोळ्यांनी ठरविले आणि ते अचूक ठरले. चार इंचांनी गाडी दिसावयास शोभिवंत झाली एवढेच नव्हे, तर आतील जागा वाढली आणि रस्त्यावरची पकडही वाढली. मात्र एवढ्या उशिरा बदल केल्यामुळे तारांबळ उडाली. बंपर अगोदरच घडवून ठेवलेले होते. ते मध्ये कापून चार इंचांचा तुकडा घालून जोडण्यात आले. एंजिनावरच्या झाकणाच्या मधोमध चार इंचांची एक सपाट, उंच पट्टी आली. आरंभीच्या गाड्यांच्या बंपरवरील तो जोड आजही जाणकार बोट ठेवून दाखवितात.

लंडनमध्ये अर्ल्स कोर्ट येथे ऑक्टोबर १९४८ मध्ये युद्धानंतरचे पहिले मोटार प्रदर्शन भरले. दहा वर्षे नवी मोटार न पाहिलेल्या लोकांची तेथे अलोट गर्दी लोटली. त्याच प्रदर्शनात जॅग्वार कारखान्याची सुप्रसिद्ध वेगवान गाडीही प्रथम आली होती आणि सर्वांचे डोळे तिच्यावर खिळले होते. पण स्वप्न एकीचे पाहावे व हिशेब दुसरीचा करावा, असे पुष्कळांचे झाले असेल. नव्या मायनरची किंमत कर धरून ३५८ पौंड १० शिलिंग होती. कारखान्यातील पुरुष कामगाराला त्या वर्षी आठवड्याला सरासरी सात पौंडांच्या आसपास मिळकत होती. म्हणजे वर्षाची सारी कमाई न खाता-पिता बाजूला ठेवली तर एक मायनर. 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ असा तपासून घ्यावा लागतो. कामगाराची ती नव्हती. मध्यम स्थितीतील कुटुंबाने काटकसरीने, विचाराने आणि बहुधा एकदाच घ्यावयाची अशी ती वस्तू होती.

आणि पैसे साठविले तरी गाडी मिळतेच असे नाही! युद्धाने इंग्लंड कर्जात बुडाले होते. डॉलर मिळविण्यासाठी माल परदेशी पाठविणे हाच तरणोपाय होता आणि जो कारखाना अधिक निर्यात करील त्यालाच पोलाद अधिक मिळेल, असा सरकारचा दंडक होता. सबब काउलीतून निघालेल्या मायनरांपैकी बहुसंख्य गाड्या थेट बंदराकडे जात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, आयर्लंड, हॉलंड यांच्या रस्त्यांवर त्या धावू लागल्या; ज्या इंग्रज कुटुंबासाठी त्या निर्मिल्या होत्या, ते मात्र यादीत नाव घालून वर्षानुवर्षे वाट पाहत बसले. पेट्रोलवरील नियंत्रण १९५० च्या मे महिन्यापर्यंत होते. ज्याला गाडी मिळाली त्याला पेट्रोल नाही, ज्याच्याजवळ पेट्रोलचे कूपन त्याला गाडी नाही. या निर्यातीचा गाडीच्या चेहऱ्यावरही परिणाम झाला. मूळ मायनरचे दिवे पुढच्या जाळीत खाली, नाकाच्या दोन बाजूंना बसविलेले होते. अमेरिकेतील नियमांना ती उंची अपुरी पडली, म्हणून दिवे वर मडगार्डांवर गेले. प्रथम हा बदल अमेरिकेसाठी होता. १९५१ च्या सुमारास तो सर्वच गाड्यांना लागू झाला. इसिगोनिस यांना ही दुरुस्ती रुचली नाही. पण ज्या गोल, किंचित आश्चर्याने पाहणाऱ्या डोळ्यांवर पुढे लोकांनी प्रेम केले, ते डोळे अमेरिकन कायद्याने दिलेले आहेत.

मॉरिस आणि ऑस्टिन या दोन जन्माच्या प्रतिस्पर्ध्यांचे १९५२ साली एकीकरण झाले व ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस लॉर्ड नफील्ड कारभारातून निवृत्त झाले. इसिगोनिसही त्याच वर्षी दुसऱ्या कारखान्यात गेले. या सोयरिकीतून मायनरला ऑस्टिनकडचे नवे एंजिन मिळाले. आरंभी ते ८०३ घनसेंटिमीटरचे होते. १९५६ साली ९४८ चे आले तेव्हा गाडीचे नाव 'मायनर १०००' झाले आणि पुढची दोन तुकड्यांची काच जाऊन एकसंध वक्र काच आली. १९६२ साली १०९८ चे आले. सत्तावीस अश्वशक्तीवर सुरू झालेली गाडी अठ्ठेचाळिसांपर्यंत चढली, तरी सुकाणू आणि चाकांच्या बैठकीत मूलतः काही बदलावे लागले नाही. म्हाताऱ्या घोड्याच्या जागी तरुण घोडा आला आणि स्वार पडला नाही.

चार दारांची गाडी १९५० साली आली होती. १९५३ मध्ये मालवाहू गाडी आणि 'ट्रॅव्हलर' नावाचा प्रकार निघाला. या ट्रॅव्हलरच्या मागील भागाची चौकट ॲश जातीच्या खऱ्याखुऱ्या लाकडाची होती. लाकडाला वेळोवेळी वार्निश न लावले तर ते कुजे, आणि पावसाळी इंग्लंडात त्याच्या सांध्यांत शेवाळ धरे. मोटारीचे सुतारकाम करणारा हा बहुधा अखेरचाच लोकप्रिय प्रकार. टपाल खात्याने मायनरच्या मालगाड्या हजारोंनी घेतल्या. आरंभीच्या टपालगाड्यांची पुढील मडगार्डे चक्क रबराची होती, कारण अरुंद गल्ल्यांतून पत्रे वाटताना त्यांना चेपा बसणार हे खात्याला ठाऊक होते. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या परिचारिका, सुइणी आणि पुढे गस्तीचे पोलीस यांनाही तीच गाडी सोयीची वाटली. गॅलनला चाळीस मैलांच्या आसपास जाणारी, कोठेही दुरुस्त होणारी आणि दारात उभी राहिली असता ज्याच्या दारात ती उभी त्याला धाक न घालणारी.

दोषही होते, आणि ते सांगितले पाहिजेत. तळाचा पत्रा गंजे. पुढील चाकांच्या सांध्यांना वेळच्या वेळी ग्रीस घातले नाही तर सांधा झिजून चाक एकाएकी आडवे पडे आणि गाडी नाकावर बसे.

नाताळच्या तीन दिवस अगोदर, २२ डिसेंबर १९६० रोजी, दहा लाखावी मायनर तयार झाली. एकाच जातीच्या दहा लाख गाड्यांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. त्या निमित्ताने फिकट जांभळ्या रंगाच्या साडेतीनशे गाड्या काढून त्यांच्यावर '१०००' ऐवजी '१००००००' हा आकडा लावण्यात आला. लॉर्ड नफील्ड तेव्हा हयात होते. १९६३ साली त्यांचा अंत झाला. ज्या अंड्याला त्यांनी हसून घेतले होते, त्याच्यावरचे त्यांचे नाव दहा लाख वेळा उमटलेले पाहावयास ते राहिले.

आपल्या देशाशी या गाडीचा संबंध केवळ आयातीचा नाही. बिर्ला घराण्याने १९४२ साली स्थापिलेली हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी मॉरिस गाड्यांचे भाग आणून प्रथम सौराष्ट्रातील ओखा बंदरी आणि नंतर कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे जुळणी करीत असे. १९५० नंतरच्या काही वर्षांत तिने मायनरही काढली व तिचे नामकरण केले 'बेबी हिंदुस्थान'. हे बाळ येथे फार वाढले नाही. १९५३ साली सरकारने नुसती जुळणी करणाऱ्यांना आवरून देशातच भाग घडविण्याचा आग्रह धरला. एका कारखान्याने अनेक जातींच्या गाड्या काढाव्यात एवढी मागणी तेव्हा नव्हती; मग एकाच मोठ्या गाडीवर भर देणे ओघानेच आले. ती मोठी गाडी म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातील. हा वंशही १९४८ च्या त्याच प्रदर्शनात, मायनरच्याच शेजारी जन्मलेला. पिळाच्या सळ्या, दंतपट्टीचे सुकाणू, गोल पाठ, असा सारा तोंडवळा थोरल्या बहिणीचा. त्याच वंशातील तिसऱ्या पिढीची ऑक्सफर्ड १९५७-५८ च्या सुमारास येथे 'अँबॅसडर' झाली आणि २०१४ सालच्या मे महिन्यापर्यंत उत्तरपाड्याहून निघत राहिली. कलेक्टर कचेरीपुढे उभ्या असणाऱ्या त्या पांढऱ्या गाडीतून जे कोणी इंदूर, बेळगाव वा हैदराबादच्या रस्त्यांवरून गेले, ते मायनरच्याच भावकीत बसून गेले.

इंग्लंडात मायनरचे वार्धक्य मात्र सुखाचे झाले नाही. १९५६ साली सुएझ कालव्याच्या पेचप्रसंगाने पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा परत बोलावलेल्या इसिगोनिस यांच्यावर याहूनही लहान गाडी करण्याचे काम सोपविण्यात आले आणि १९५९ साली 'मिनी' जन्मली. तिच्या कीर्तीच्या तेजात वडील बहीण झाकोळली. कारखान्याने मायनर बंदही केली नाही आणि सुधारलीही नाही. ती विकली जाते, तिचे साचे फिटले आहेत, मग हात कशाला लावा? १९४७ साली लॉर्ड नफील्ड मॉरिस एटविषयी हेच म्हणत होते. त्यांना जुनाट ठरविणाऱ्यांच्या वारसांनी तोच युक्तिवाद मायनरविषयी केला, आणि त्या अवधीत दुसऱ्या कारखान्यांच्या ताज्या गाड्यांनी बाजार काबीज केला. प्रवासी मायनर १९७० च्या नोव्हेंबरात बंद झाली. ट्रॅव्हलर व मालगाडी १९७१ साली. एकूण संख्या सोळा लाखांच्या आसपास गेली. तिची जागा घेण्यासाठी 'मरीना' नावाची गाडी मोठ्या गाजावाजाने आली. तिच्या पुढच्या चाकांची बैठक उघडून पाहणाऱ्यांना आत पिळाच्या सळ्याच दिसल्या. मायनरचीच मांडणी, तेवीस वर्षांची जुनी, आणि तिला न शोभणाऱ्या देहाखाली घातलेली.

इसिगोनिस यांना १९६९ साली 'सर' ही पदवी मिळाली. १९८८ साली ते निवर्तले. मायनर बंद पडून पाच वर्षे होतात न होतात तोच, १९७६ साली, बाथ शहरात केवळ मायनर दुरुस्त करणारे एक केंद्र निघाले. गाड्या पुष्कळ शिल्लक होत्या आणि धनी त्या मोडीत काढावयास तयार नव्हते. सुट्या भागांची चणचण भासू लागली तेव्हा असे आढळले की, श्रीलंकेत मायनर अद्याप रोजच्या वापरात आहेत आणि तेथील कारागिरांना त्यांचे भाग हाताने ठोकून घडविता येतात. मग बाथच्या केंद्राने तेथील कारखान्याशी संधान बांधले आणि एकेकाळी काउलीहून पूर्वेकडे जाणारा माल उलट दिशेने येऊ लागला.